नौकेवरील विद्युत गेजमधील दोष : कारणे, दिशा आणि शोधनपद्धती

गोषवारा : यांत्रिक नौकेवरील गेज इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब किंवा टाकीतील इंधन प्रत्यक्ष मोजत नाही, ते एका विद्युत परिपथाच्या रोधाचे वाचन करते. त्यामुळे परिपथात कोठेही वाढलेला किंवा घटलेला रोध इंजिनाची स्थिती म्हणून काट्यावर उमटतो. असे चुकीचे वाचन कधी निष्कारण भीती दाखविते, तर कधी खोटा दिलासा देते. प्रस्तुत लेखात गेजच्या परिपथाची रचना, खाऱ्या वातावरणामुळे त्यात उद्भवणारे दोष, त्या दोषांची दिशा आणि दोष शोधण्याचा तर्कशुद्ध क्रम यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : गेज, संवेदक, रोध, अर्थ, क्षरण, विभवपात, दोषशोधन.

१. प्रस्तावना

कोकण किनाऱ्यावरील मासेमारी शिडाकडून इंजिनाकडे वळल्यापासून नौकेची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात इंजिनाच्या आरोग्यावर अवलंबून राहू लागली. मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवण यांसारख्या बंदरांतून बाहेर पडलेल्या नौकेचे इंजिन खोल पाण्यात बंद पडले, तर तो केवळ यंत्राचा बिघाड राहत नाही. इंजिनाबरोबर नौकेवरील नियंत्रणही जाते; वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन झालेली नौका खडकाळ किनाऱ्याकडे किंवा मोठ्या जहाजांच्या मार्गात ढकलली जाऊ शकते. इंजिन निकामी होण्यापूर्वी बहुधा दोन पूर्वसूचना मिळतात : थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान वाढते, किंवा वंगणतेलाचा दाब घसरतो. या दोन्ही गोष्टी तांडेलाला दिसतात त्या सुकाणूजवळील फळीवर बसविलेल्या गेजच्या काट्यावरून.

हा काटा चुकला तर दोन प्रकारचे परिणाम संभवतात. तो नसलेले संकट दाखवीत असेल, तर फेरी अर्धवट सोडून परतावे लागते. डिझेल, बर्फ व खलाशांचे श्रम वाया जातात. असे दोन-तीनदा घडले की काट्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते. याउलट काटा खरे संकट लपवीत असेल, तर इंजिन जाम होईपर्यंत कोणालाही शंका येत नाही. पहिला दोष खर्चाचा आहे, दुसरा जीविताशी संबंधित आहे. म्हणून गेजमध्ये दोष आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. तो दोष काट्याला कोणत्या दिशेने ढकलतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

२. गेजच्या परिपथाची रचना

प्रचलित विद्युत गेजच्या परिपथाचे चार घटक असतात : विद्युतघट म्हणजे बॅटरी व तिच्याकडून फ्यूज आणि किल्लीच्या स्विचमार्गे येणारा पुरवठा, फळीवरील गेज, गेजपासून इंजिनापर्यंत किंवा टाकीपर्यंत जाणारी वायर, आणि त्या ठिकाणी बसविलेला संवेदक. संवेदकातून निघालेली विद्युतधारा इंजिनाच्या धातूमधून किंवा स्वतंत्र वायरमधून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. या परतीच्या मार्गास व्यवहारात ‘अर्थ’ म्हटले जाते. फायबरच्या किंवा लाकडाच्या नौकेत सांगाडा विद्युतवाहक नसल्याने मोटारगाडीप्रमाणे सांगाड्यातून परतीचा मार्ग मिळत नाही. फळी व टाकी यांना स्वतंत्र अर्थ वायर द्यावी लागते.

संवेदक हा वस्तुतः बदलता रोध होय. तापमानाच्या संवेदकात असा पदार्थ असतो की तापमान वाढले असता त्याचा रोध कमी होतो. युरोपीय पद्धतीच्या एका प्रचलित संवेदकाचा रोध ४० अंश सेल्सिअसला सुमारे २८७ ओहम, १०० अंशांना सुमारे ३८ ओहम व १२० अंशांना सुमारे २२ ओहम असतो. तेलदाबाच्या संवेदकात पडद्याच्या हालचालीने, तर इंधनाच्या संवेदकात तरंगत्या गोळ्याच्या हालचालीने रोध बदलतो. या दोहोंच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध पद्धती रूढ आहेत. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला किंवा शून्य दाबाला सुमारे २४० ओहम आणि पूर्ण वाचनाला सुमारे ३३ ओहम रोध असतो. युरोपीय पद्धतीत रिकाम्या स्थितीला सुमारे १० ओहम आणि पूर्ण स्थितीला सुमारे १८० ओहम असतो. एका पद्धतीचे गेज व दुसऱ्या पद्धतीचा संवेदक जोडला गेल्यास काटा उलट चालतो. संवेदक किंवा गेज बदलल्यानंतर लगेच सुरू झालेल्या तक्रारींत ही शक्यता प्रथम तपासावी लागते.

जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर विभवांतरास विद्युतधारा रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. गेजला जाणवतो तो केवळ संवेदकाचा रोध नव्हे, तर संवेदक, वायर, जोड व अर्थ या सर्वांच्या रोधांची बेरीज. काट्याला या बेरजेतील घटक वेगळे करता येत नाहीत. गेजच्या बहुतेक सर्व दोषांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

३. खाऱ्या वातावरणाचा परिणाम

समुद्राच्या प्रत्येक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. हवेतील खारे तुषार फळीच्या मागे, जोडांवर व वायरच्या उघड्या टोकांवर बसतात. क्षार हवेतील ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे जोड वरवर कोरडा दिसला तरी त्यावर विद्युतवाहक ओलसर थर टिकून राहतो. पितळ, तांबे, पोलाद आणि ॲल्युमिनियम असे भिन्न धातू अशा थराच्या सान्निध्यात एकमेकांस चिकटलेले असले, की तेथे विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते. या क्षरणातून तयार होणारा हिरवट किंवा पांढरा थर विद्युतधारेस अडथळा करतो.

तांब्याच्या बहुतारी वायरमध्ये ओलावा केशाकर्षणाने आवरणाच्या आत दूरवर शिरतो. आवरण शाबूत दिसते, मात्र सोलून पाहिल्यास आतील तारा काळ्या पडलेल्या आढळतात. कथिलाचा मुलामा असलेली वायर या बाबतीत अधिक टिकते. घरगुती कामाची साधी वायर नौकेवर लवकर निकामी होते. पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली असते. त्या महिन्यांत इंजिन बंद, हवा दमट आणि जोड अस्पर्श राहतात. नारळी पौर्णिमेनंतर हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वी गेजचा परिपथ तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

४. दोषाची दिशा

परिपथातील दोषांचे तीन प्रमुख वर्ग करता येतात : क्षरणामुळे किंवा ढिल्या जोडामुळे रोध वाढणे, वायर तुटून परिपथ खंडित होणे, आणि आवरण घासून वायर इंजिनाच्या धातूस चिकटणे, म्हणजेच अर्थ होणे. या तीन वर्गांचा काट्यावरील परिणाम संवेदकाच्या प्रकारानुसार बदलतो.

तक्ता क्र. १ : दोषाचा प्रकार व काट्याची दिशा

(अ) तापमान गेज : रोध वाढल्यास तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, वायर तुटल्यास काटा थंड टोकास जातो, वायर अर्थ झाल्यास काटा तप्त टोकास जातो.

(आ) तेलदाब व इंधन गेज, २४० ते ३३ ओहम पद्धत : रोध वाढल्यास वाचन प्रत्यक्षापेक्षा कमी, वायर तुटल्यास शून्य किंवा रिकामे, वायर अर्थ झाल्यास पूर्ण.

(इ) तेलदाब व इंधन गेज, १० ते १८० ओहम पद्धत : रोध वाढल्यास वाचन प्रत्यक्षापेक्षा अधिक, वायर तुटल्यास पूर्ण किंवा त्याहून पुढे, वायर अर्थ झाल्यास शून्य किंवा रिकामे.

या तक्त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. खाऱ्या हवेत सर्वाधिक संभवणारा दोष म्हणजे वाढीव रोध. तापमान गेजच्या बाबतीत हा दोष नेहमीच खोट्या दिलाशाच्या दिशेने काम करतो. उदाहरणार्थ, इंजिनाचे पाणी १०० अंशांना पोहोचले असता वर उल्लेखिलेल्या संवेदकाचा रोध सुमारे ३८ ओहम असतो. जोडावरील क्षरणाने त्यात २० ओहमची भर घातली, तर गेजला ५८ ओहम जाणवतात. त्या संवेदकाचा रोध ९० अंशांना सुमारे ५१ व ८० अंशांना सुमारे ६९ ओहम असल्याने काटा ८५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. पाणी उकळण्याच्या बेतात असताना फळीवर मात्र नित्याचे कामकाजी तापमान दिसत राहते.

थंड इंजिनावर हाच दोष जवळजवळ अदृश्य असतो. ४० अंशांना २८७ ओहममध्ये २० ओहमची भर पडल्यास वाचनात जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो. म्हणजेच बंदरात, इंजिन थंड असताना केलेल्या तपासणीत गेज उत्तम ठरते आणि नेमक्या गरजेच्या वेळी ते सर्वाधिक चुकते. केवळ काटा हालतो म्हणून गेज बरोबर आहे, हा निष्कर्ष किती धोक्याचा आहे हे यावरून लक्षात यावे.

तेलदाब व इंधनाच्या बाबतीत पद्धतीनुसार चित्र पालटते. अमेरिकी पद्धतीत वाढीव रोध सावधगिरीच्या बाजूने चुकतो. युरोपीय पद्धतीत तो दाब किंवा इंधन असल्यापेक्षा अधिक भासवितो. नौकेवर कोणती पद्धत बसविलेली आहे, याची नोंद फळीच्या मागे लिहून ठेवणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

५. दोषशोधनाचा क्रम

व्यवहारात काटा चुकला की प्रथम संवेदक आणि त्यानंतर गेज बदलण्याकडे कल असतो. दोष जोडात किंवा अर्थमध्ये असेल, तर हा खर्च निष्फळ ठरतो. कधी नवा संवेदक बसविताना जुना जोड घासला जाऊन दोष तात्पुरता लपतो व काही आठवड्यांनी पुन्हा उद्भवतो. त्याऐवजी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. या कामासाठी साधा मल्टिमीटर, थोडी वायर व काही ज्ञात मूल्यांचे रोधक एवढी साधने पुरतात.

(१) निरीक्षण : एकच गेज चुकते आहे की सर्व गेज चुकत आहेत, हे प्रथम पाहावे. सर्व गेज एकाच वेळी बंद पडल्यास फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा फळीची सामाईक अर्थ यांत दोष असतो. दिवे किंवा भोंगा सुरू करताच सर्व काटे एकदम हालत असतील, तर सामाईक अर्थ कमकुवत असल्याचे ते लक्षण होय. एकच गेज चुकत असेल, तर दोष त्याच्या स्वतंत्र शाखेत शोधावा. काही गेजचा काटा पुरवठा बंद झाल्यावर शून्यावर न येता जागच्या जागी राहतो. अशा काट्याचे स्थिर वाचन म्हणजे पुरवठा असल्याचा पुरावा नव्हे.

(२) पुरवठ्याची तपासणी : विश्रांत अवस्थेतील पूर्ण भारित १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट असते. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे ते साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत जाते. गेजच्या पुरवठा टोकावर व अर्थ टोकावर मिळणारे विभवांतर बॅटरीच्या विभवांतराशी ताडून पाहावे. महत्त्वाच्या परिपथांत विभवपात तीन टक्क्यांच्या आत असावा, असा अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा दंडक आहे. १२ व्होल्टच्या परिपथात तो ०.३६ व्होल्ट होतो. त्यानंतर मल्टिमीटरचे एक टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूस व दुसरे फळीच्या अर्थ टोकास लावून दिवे सुरू करावेत. वाचन शून्याजवळ राहिले पाहिजे. ते वाढल्यास परतीच्या मार्गात रोध आहे. ही चाचणी भार चालू ठेवूनच करावी. काळी पडलेली वायर मल्टिमीटरच्या अल्प धारेस निर्दोष भासते, मात्र प्रत्यक्ष भाराखाली तिचा दोष उघड होतो.

(३) गेजची तपासणी : गेजच्या मागील संवेदकाची वायर सोडवावी, काटा एका टोकास गेला पाहिजे. नंतर ते टोक क्षणभर अर्थला जोडावे; काटा दुसऱ्या टोकास गेला पाहिजे. असे घडल्यास गेज हालचालीस सक्षम आहे. मात्र काही गेजना थेट अर्थ सहन होत नाही. शिवाय या चाचणीने मधल्या वाचनांची अचूकता कळत नाही. म्हणून संवेदकाच्या जागी ज्ञात मूल्याचा रोधक जोडणे अधिक योग्य. वरील तापमान गेजला ५१ ओहमचा रोधक जोडला असता काटा ९० अंशांजवळ आला पाहिजे. त्या अंकाजवळ तो आल्यास गेज निर्दोष ठरते व दोष पुढील भागात असल्याचे सिद्ध होते.

(४) वायर व संवेदक यांची तपासणी : पुरवठा बंद करून, गेजकडून सोडविलेल्या वायरचे टोक व फळीची अर्थ यांमधील रोध मोजावा. त्यानंतर इंजिनाजवळ जाऊन संवेदकाची वायर सोडवून संवेदकाचे टोक व त्याचे धातूचे अंग यांमधील रोध मोजावा. दोन्ही वाचने जवळजवळ समान असावीत. पहिले वाचन अधिक असल्यास त्यांतील फरक वायर, जोड व अर्थ यांचा आहे. संवेदकाचे टोक व इंजिनाचे धातू यांमधील रोध त्याच्या अंगापर्यंतच्या रोधापेक्षा अधिक आढळल्यास दोष संवेदकाच्या आट्यांत आहे. आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप किंवा इंजिनावर चढविलेला रंग अनेकदा ही अर्थ तोडतो.

(५) इंधनाच्या टाकीजवळील दक्षता : पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते. अशा ठिकाणी ठिणगी पडेल अशी कोणतीही चाचणी करू नये. पुरवठा तोडून, वायुवीजन करून केवळ रोध मोजावा व उर्वरित चाचण्या गेजच्या टोकाकडून कराव्यात.

६. परिपथ निर्दोष असतानाही चुकणारे वाचन

काही प्रसंगी वरील सर्व चाचण्यांत परिपथ निर्दोष ठरतो आणि तरीही काटा दिशाभूल करतो. तापमानाचा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच तो पाण्याचे तापमान सांगतो. नळी फुटून पाणी निघून गेल्यास संवेदक कोरडा पडतो, त्याच्याभोवती केवळ हवा किंवा वाफ उरते आणि इंजिन तापत असतानाच काटा खाली येऊ शकतो. चालत्या इंजिनाचे तापमान कारणाविना घसरणे ही म्हणूनच समाधानाची नव्हे, तर तत्काळ पाहणीची बाब आहे.

अनेक डिझेल इंजिनांत फेऱ्यांचे गेज अल्टरनेटरकडून संकेत घेते. पट्टा घसरू लागल्यास किंवा अल्टरनेटर बंद पडल्यास इंजिनाच्या फेऱ्या कमी न होताही काटा खाली येतो. फेऱ्यांचे गेज व विभवांतराचे गेज एकाच वेळी खाली आल्यास दोष गेजमध्ये नसून अल्टरनेटरमध्ये असल्याचा अंदाज बांधता येतो. तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवीत असेल, तर पुढील संकट तापमानवाढीचे असते. एका संवेदकास दोन ठिकाणची दोन गेज जोडल्यासही वाचन बिघडते. त्यासाठी वेगळ्या मूल्याचा संवेदक लागतो.

म्हणून अंतिम निर्णयापूर्वी गेजच्या परिपथाशी संबंध नसलेल्या साधनाने पडताळणी करणे आवश्यक आहे. तेलदाबासाठी थेट नळीने जोडलेले यांत्रिक गेज, तापमानासाठी अवरक्त तापमापी, इंधनासाठी टाकीतील खुणेची काठी आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रवाह ही अशी साधने होत. धोक्याची सूचना देणाऱ्या भोंग्यास स्वतंत्र स्विच असल्यास तोही दुसरा साक्षीदार ठरतो; मात्र किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तेलदाबाचा भोंगा वाजतो की नाही याची दररोज खात्री केली पाहिजे.

७. प्रतिबंध व अध्यापनातील उपयोग

दुरुस्तीत जोड घासून स्वच्छ करणे हा तात्पुरता उपाय आहे. काळी पडलेली वायर स्वच्छ तांबे लागेपर्यंत कापून टाकणे, मुलामा असलेली वायर वापरणे, जोड योग्य हत्याराने दाबून बसविणे, त्यांवर उष्णतेने आकसणारे आवरण चढविणे आणि फळीची अर्थ स्वतंत्र जाड वायरने बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेणे, हे टिकाऊ उपाय होत. हंगामाच्या आरंभी प्रत्येक संवेदकाचा थंड व तप्त अवस्थेतील रोध वहीत नोंदवून ठेवल्यास पुढील वर्षी तुलना करणे सोपे जाते.

किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या दृष्टीने या विषयास आणखी एक बाजू आहे. पदवीच्या प्रयोगशाळेत ओहमचा नियम, रोधांची एकसर जोडणी व विभवपात हे प्रयोग ठरीव साहित्यावर केले जातात. तेच प्रयोग एक जुने गेज, एक संवेदक, गरम पाण्याचे भांडे व तापमापी घेऊन करता येतात. परिपथात मुद्दाम २० ओहमचा रोधक घालून काटा कोणत्या तापमानाला किती चुकतो, याचा आलेख विद्यार्थ्यांनी काढल्यास नियमाचा अर्थ व त्याची व्यावहारिक जोखीम एकाच वेळी ध्यानी येते. मच्छीमार कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांना तर हे ज्ञान थेट घरच्या नौकेवर वापरता येईल. रसायनशास्त्र विभागास क्षरणाचा अभ्यास व भौतिकशास्त्र विभागास परिपथाचा अभ्यास या एकाच उदाहरणातून जोडता येतो.

८. समारोप

गेजचा काटा हा इंजिनाचा नव्हे, तर संपूर्ण परिपथाचा साक्षीदार आहे, हे या विवेचनातून स्पष्ट होते. त्याची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी पुरवठा, गेज, वायर, अर्थ व संवेदक यांची क्रमाने उलटतपासणी करावी लागते. सर्व दोष सारख्या महत्त्वाचे नसतात. जो दोष काट्याला सुरक्षित दिशेकडे ढकलतो तोच सर्वाधिक घातक असतो, कारण त्याची तक्रार कोणीच करीत नाही. तापमान गेजमधील क्षरणजन्य रोध हा असाच मूक दोष आहे. त्यामुळे तक्रार आल्यावर दुरुस्ती करणे पुरेसे नाही. तक्रार नसतानाही, नौका पाण्यात उतरण्यापूर्वी, ज्ञात रोधकाच्या साहाय्याने प्रत्येक गेजची परीक्षा घेणे हाच या प्रश्नावरील खात्रीचा उपाय होय.